फ्रीज मोडीत काढण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमचा फ्रीज बारा वर्षांचा आहे. गेले काही महिने तो जवळजवळ अखंड चालू असतो, तरीही खालच्या कप्प्यातले दूध लवकर नासते. दुरुस्तीसाठी आलेल्या मेकॅनिकने उभ्याउभ्याच पाहून कॉम्प्रेसर (गार करणारा गॅस दाबून फिरवणारा पंप) कमजोर झाल्याचे सांगितले आणि नवा फ्रीज घेण्याचा सल्ला दिला. तो मानावा का?

उत्तर : अजून नको. फ्रीज सतत चालतो आणि तरीही पुरेसा गार होत नाही, या एका लक्षणामागे चार-पाच वेगवेगळी कारणे असू शकतात. कॉम्प्रेसर हे त्यांपैकी सर्वांत खर्चिक कारण असल्यामुळे त्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी बिघाड नेमका कोठे आहे हे ठरवू या.

पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. दार उघडताच आतल्या हवेचे तापमान बदलते, पाण्याचे तितक्या लवकर बदलत नाही. म्हणून पाण्यातले माप अधिक भरवशाचे असते. सकाळी ते 5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असायला हवे. बर्फाच्या कप्प्यात उणे 18 अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित असते.

आता दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. बर्फाचा कप्पा व्यवस्थित गोठत असेल आणि फक्त खालचा भाग कोमट राहत असेल, तर कॉम्प्रेसर आपले काम करीत आहे असे समजण्यास हरकत नाही. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये अशा वेळी बहुधा आतल्या पत्र्यामागे बर्फाचा थर साचून गार हवेचा मार्ग बंद झालेला असतो, आणि त्याचे मूळ बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा हवा खेळवणारा पंखा यांत असते. हे सुटे भाग बदलता येतात. फ्रीज चोवीस तास बंद करून दार उघडे ठेवल्यावर तो काही दिवस नीट चालला आणि पुन्हा पहिल्यासारखा वागू लागला, तर निदान जवळजवळ पक्के झाले. दोन्ही कप्पे सारखेच कोमट असतील, तर मात्र गार करणाऱ्या गॅसची गळती किंवा कॉम्प्रेसरचा दोष संभवतो. भिंतींच्या आत गाडलेली नळी गळत असल्यास दुरुस्तीचा आग्रह धरू नये. तेथे नवा फ्रीज घेणेच योग्य.

तत्पूर्वी दाराचे रबर तपासावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडखळत निघाली तर रबर ठीक आहे, सहज सरकली तर तेथून बाहेरची उष्ण हवा आत शिरते. ही परीक्षा चारही बाजूंनी करावी, विशेषतः बिजागरीजवळ आणि खालच्या कोपऱ्यात. पुष्कळदा रबराच्या घडीत साचलेला मळ कोमट साबणाच्या पाण्याने काढला तरी पुरते. मागची किंवा खालची काळी जाळीही प्लग काढून मऊ ब्रशने स्वच्छ करावी, कारण आतून काढलेली उष्णता तिच्यातूनच बाहेर पडायची असते आणि धुळीचा थर तिला कोंडून ठेवतो. जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांआड असते. असा फ्रीज दोन भिंतींमध्ये दाबून बसवू नये.

वीजखर्चाचा हिशोबही अंदाजाने करू नये. प्लगमध्ये लावण्याचे छोटे वीजमापक मिळते. ते आठवडाभर लावून रोजची सरासरी काढावी. समजा जुना फ्रीज दिवसाला 1.5 युनिट घेतो. म्हणजे वर्षाला सुमारे 550 युनिट. तेवढ्याच आकाराचा नवा फ्रीज 0.7 युनिट घेत असेल, तर वर्षाला सुमारे 290 युनिट वाचतात. या आकड्याला आपल्याकडच्या दराने गुणले, की नव्या फ्रीजची किंमत किती वर्षांत वसूल होईल हे कळते. परंतु जुना फ्रीज दुसऱ्या खोलीत चालू ठेवणार असाल तर ही बचत उरत नाही, उलट खर्च वाढतो, आणि माझ्या मते ही चूक फार घरांत होते.

शेवटी मोडीत काढायचाच झाला, तर त्याच्या नळ्या तोडू देऊ नका. त्या पिढीच्या अनेक फ्रीजमध्ये गार करण्यासाठी असणारा आर-134ए हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटींहून अधिक प्रभावी आहे, त्यामुळे तो काढून घेण्याची सोय असलेल्या केंद्राकडेच फ्रीज द्यावा. नव्या फ्रीजमध्ये बहुतेक वेळा त्याऐवजी आयसोब्युटेन हा वायू असतो. तो या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी असला तरी ज्वालाग्राही आहे. म्हणून त्याची दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करवावी.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. तो टाकून द्यावा लागेल का?

उत्तर : वापर ताबडतोब थांबवावा, पण टाकण्याची घाई करू नये. आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी अभ्रकाची पातळ पट्टी असते. तिच्यावर तेलाचे शिंतोडे साचून ते जळू लागले की ठिणग्या पडतात. ही पट्टी स्वस्त असते आणि मापाने कापून बदलता येते. बाहेरचे आवरण मात्र स्वतः कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो.

यंत्राची ताकद कमी झाली असेल का, हे घरीच मोजता येते. एक लिटर पाणी पूर्ण शक्तीवर एक मिनिट तापवावे, ढवळावे आणि तापमान जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणावे. उत्तर वॅटमध्ये मिळते. 800 वॅटच्या यंत्रात सुमारे 11 अंशांची वाढ दिसली पाहिजे. ती निम्म्यावर आली असेल, तर बहुधा मॅग्नेट्रॉन, म्हणजे तापवणाऱ्या लहरी निर्माण करणारा भाग, थकला आहे, आणि तो बदलण्यापेक्षा नवे यंत्र घेणे बरे.

प्रश्न : गॅसऐवजी इंडक्शन शेगडी घ्यायची आहे. काय पाहावे?

उत्तर : प्रथम घरातली भांडी पाहावीत. भांड्याच्या तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर ते चालेल. ॲल्युमिनियम, तांबे आणि काच साध्या इंडक्शनवर तापत नाहीत. सगळी भांडी नव्याने घ्यावी लागणार असतील तर तो खर्च शेगडीच्याच किमतीत धरावा. विजेपैकी सुमारे 85 टक्के उष्णता भांड्यात पोचते, तर गॅसच्या ज्वालेतली बरीच उष्णता बाहेर वाया जाते, हा इंडक्शनचा खरा फायदा आहे.

मंद आचेची परीक्षा दुकानातच घ्यावी. सर्वांत कमी पातळीवर थोडे पाणी ठेवले असता ते काही क्षण जोरात उकळून थांबते आणि पुन्हा उकळते, अशी शेगडी मंद आच देत नसून पूर्ण आच चालू-बंद करीत असते. मंद शिजवण्यासाठी ती उपयोगाची नाही. 230 व्होल्टवर 2000 वॅटची शेगडी जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेते, म्हणून तिला भिंतीतला स्वतंत्र, जाड तारेचा सॉकेट हवा. एक्स्टेन्शनची वायर वापरू नये. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर चालू शेगडीपासून तो किमान 60 सेंटिमीटर दूर राहील अशी काळजी घ्यावी आणि खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मिक्सर वापरता वापरता बंद पडतो आणि नंतर सुरूच होत नाही.

उत्तर : तळाशी एक लहान बटण असते. मोटरवर ताण आला की ते बाहेर येऊन वीज तोडते. मिक्सर अर्धा तास थंड होऊ द्यावा आणि ते आत दाबावे. त्यानेही सुरू झाला नाही, किंवा सुरू होऊन आत मोठ्या ठिणग्या दिसल्या, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजले असण्याची शक्यता अधिक. ते थोडक्या खर्चात बदलून मिळतात. जळल्याचा वास कित्येक दिवस जात नसेल, तर मोटरचे वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, गेले असे समजावे आणि नवा मिक्सर पाहावा. तो घेताना ब्रश, कपलर (भांडे मोटरला जोडणारा भाग) आणि भांड्यांची पाती सुटी मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे. मिळत नसतील तर दुसरा निवडावा.