सुंदरबनाखालची जमीन लाखो वर्षांनी कुठे असेल?

प्रश्न : गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशाचा मोठा भाग पुढच्या काळात समुद्राखाली जाईल, असे वारंवार वाचनात येते. एका शतकापलीकडे जाऊन हजारो किंवा लाखो वर्षांचा विचार केला, तर या प्रदेशाचे आणि सुंदरबनाचे काय होईल?

उत्तर : समुद्र चढला की त्रिभुज प्रदेश बुडणारच, असे आपण गृहीत धरतो, मात्र त्याचे आयुष्य समुद्राच्या पातळीइतकेच गाळाच्या आवकेवर अवलंबून असते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, हिमयुग सरताना समुद्र झपाट्याने चढत होता, तरीही जोरदार मोसमी पावसाने एवढा गाळ वाहून आणला की हा त्रिभुज प्रदेश त्याच काळात उभा राहू लागला. जगातल्या बहुतेक मोठ्या नद्यांना त्यासाठी समुद्राचे चढणे मंदावेपर्यंत थांबावे लागले. म्हणून खरी काळजी वाटते ती गाळ न पोहोचणाऱ्या जमिनीची. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून शेतीभोवती मातीचे बांध घातले गेले. त्यांच्या आतली काही जमीन आज बाहेरच्या जंगलापेक्षा मीटरभर किंवा त्याहूनही अधिक खोल गेली आहे, तर बाहेर भरतीचे पाणी रोज थोडी माती ठेवून जात असल्याने जंगलाची जमीन तग धरून आहे.

काही शतकांचा किंवा हजार वर्षांचा विचार केला, तर सर्वांत मोठी उलथापालथ नद्यांच्या पात्रांची असेल. गंगेचे मुख्य पाणी पूर्वी भागीरथी-हुगळीने समुद्राला मिळे, पुढे ते पूर्वेकडे पद्मेत वळले. १७८७ च्या तिस्तेच्या महापुरानंतर ब्रह्मपुत्राही आपले जुने पात्र सोडून आजच्या यमुनेच्या (दिल्लीची नव्हे, बांगलादेशातली) वाटेने वाहू लागली. नदी दूर गेली की मागे राहिलेल्या खाड्यांमध्ये गोडे पाणी कमी होते आणि खारेपणा वाढतो. ज्याच्यामुळे सुंदरबनाला हे नाव मिळाले असे मानतात, त्या सुंदरी वृक्षाला हा खारेपणा मानवत नाही.

जंगल कसे सरकते, हे मेघना नदीच्या मुखाशी नव्याने वर आलेल्या चरावर, म्हणजे गाळाच्या बेटावर, पाहावे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या मऊ चिखलात आधी भाताच्या कुळातले उरी नावाचे खारे गवत रुजते, त्याच्या मुळांत माती अडकते, मग केवड्याची (आपल्याकडच्या सुगंधी केवड्याशी याचा संबंध नाही) आणि बाईनची झाडे शूलासारखी श्वसनमुळे वर काढतात. सुंदरीची पाळी बऱ्याच उशिरा येते. आजचे सुंदरबन जिथे आहे तिथेच राहील असे मी मानत नाही, पण गाळ आणि गोडे पाणी मिळत राहिले तर त्याच जातीचे जंगल दुसरीकडे उभे राहू शकेल. सध्याच्या वाघांना आणि माणसांना त्याची वाट पाहता येणार नाही, ही या उत्तरातली सर्वांत जड बाजू आहे.

त्यानंतर कधीतरी पुन्हा हिमयुग येईल. मागच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तसे झाले तर किनारा दक्षिणेला दूर सरकेल, नद्या आजच्या मैदानात खोल दऱ्या कोरतील आणि त्यांच्या मधली जमीन उंचावर कोरडी राहून तिची माती तांबूस होईल. अशी जुनी, लालसर मातीची उंचवट्याची जमीन आजही याच मैदानात बरिंद आणि मधुपूर येथे दिसते.

कोट्यवधी वर्षांच्या मापाने पाहिले तर या प्रदेशाचे भवितव्य त्याच्या पूर्व सीमेवर आजच दिसते. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे सरकत म्यानमारच्या भूपट्टाखाली जात असल्याने काही ठिकाणी सोळा किलोमीटरहून जाड साचलेल्या या गाळाला घड्या पडत आहेत, आणि त्या घड्या क्रमाने पश्चिमेकडे पुढे येत आहेत. त्रिपुरेचे डोंगर प्राचीन त्रिभुज प्रदेशांच्या आणि उथळ समुद्राच्या वाळूचिखलाचेच आहेत. बांगलादेशातल्या कुमिल्ला शहराजवळची लालमाईची बुटकी टेकडी ही त्या घड्यांपैकी अगदी पश्चिमेची; ती सपाट मैदानातून वर येत आहे. त्रिपुरेतून निघणारी गोमती कुमिल्लाजवळून वाहत मेघनेला मिळते, आणि एका जुन्या त्रिभुज प्रदेशाची झिजलेली वाळू आजच्या त्रिभुज प्रदेशात नेऊन टाकते.