आजीच्या नथीतले 'बसऱ्याचे' मोती बहरीनचे का? ते समुद्रातून काढत कसे?

बसऱ्याला मोती निघत नाहीत. ते इराकमधलं नदीकाठचं बंदर, त्याचं नाव मालाला चिकटलं एवढंच. मोती आखातातले, आणि त्यातले नावाजलेले शिंपल्यांचे पट्टे बहरीनच्या उत्तरेला समुद्रतळावर आहेत. तिथून माल मुंबईला यायचा, इथे प्रतवारी व्हायची, वेज (ओवायची भोकं) पाडले जायचे, सर ओवून पॅरिस-लंडनला रवाना व्हायचे. तेव्हा जुन्या नथीतला मोती नेमका बहरीनचा असं छातीठोक सांगता येणार नाही, पण खरा आणि जुना असेल तर आखाताचा असण्याची शक्यता चांगली.

आता काढत कसे ते. मोठा हंगाम जूनच्या सुमारास सुरू व्हायचा आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात संपायचा, कारण पाणी तापलेलं असतं. थंडीत दिवसभर बुड्या मारणं अशक्यच. बोटीवरचा मालक-कप्तान म्हणजे 'नाखुदा' (आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' तोच). त्याच्याखाली बुडी मारणारा 'घैस', त्याला ओढून वर घेणारा 'सैब', हाताखालचा पोर्‍या 'रदीफ' आणि गाणारा 'नह्हाम'.

घैसचं सामान एका हातात मावेल एवढं. नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा चिमटा, 'फिताम'. शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात म्हणून बोटांना चामड्याच्या टोप्या. गळ्यात दोराची जाळीदार पिशवी. एक पाय दगड बांधलेल्या दोरात अडकवायचा, दम भरायचा आणि सुटायचं. तळ गाठला की दगड लगेच वर ओढून घेतला जातो. खाली सात-आठ वाव पाण्यात, म्हणजे चाळीस-पन्नास फुटांवर, मिनीट-दीड मिनीट चाचपडत शिंपले उपटायचे आणि दम संपत आला की दुसऱ्या दोराला झटका द्यायचा. त्या झटक्याकडे सैबचं लक्ष नसेल तर माणूस गेला. दहाएक बुड्या झाल्या की थोडा आराम, मग पुन्हा. दिवसाला पन्नासेक बुड्या होत. पोट भरलेलं असेल तर दम टिकत नाही, म्हणून सकाळी फक्त खजूर आणि कॉफी, भात-मासे रात्री. कानाचे पडदे फाटणं, खाऱ्या पाण्याने डोळे जाणं हे नेहमीचं. जेलीफिश जास्त असले की अंगभर सुती कपडे घालून उतरत.

शिंपले लगेच उघडत नसत. रात्रभर ढीग तसाच पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे गोल बसून, नाखुदाच्या नजरेसमोर, वाकड्या सुरीने एकेक फोडत. सगळ्यांचे शिंपले एकत्र झालेले, त्यामुळे मोती कुणाच्या बुडीचा हे कुणालाच कळत नसे. बहुतेक शिंपले रिकामेच. माझ्या मते या धंद्याचं मर्म इथे आहे. लोक दम रोखण्याचं कौतुक करतात, पण माणसं बुडाली ती हिशेबात. खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे पडत: साधारणपणे घैसला तीन, सैबला दोन, रदीफला एक. पण हंगामाआधी घरखर्चाला नाखुदाकडून उचल घेतलेली असायची, नाखुदाने ती व्यापाऱ्याकडून आणलेली. हंगाम वाईट गेला की उचल पुढच्या वर्षावर, आणि बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर. १९२०च्या दशकात प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही देण्याची सक्ती झाली, कर्जावर बंधनं आली. तरी उचल कमी केली म्हणून १९३२ मध्ये पाणबुड्यांनी दंगल केली.

व्यापारी म्हणजे 'तव्वाश'. एकावर एक बसणाऱ्या पितळी चाळण्यांमधून तो मोती गाळायचा आणि आकारानुसार नावं द्यायचा: रास, बत्न, धैल, म्हणजे डोकं, पोट, शेपटी. किंमत लावायची ती वजनाच्या वर्गाने: वजन दुप्पट, तर किंमत साधारण चौपट, अर्थात तेज आणि गोलाई सारखी असेल तर. मुंबईच्या जवाहिऱ्यांची 'चव' (मोत्याची किंमत ठरवायचं माप) मोजायची पद्धत याच तत्त्वावर. मोठ्या मोत्याच्या आशेवर माणसं कर्जात का राहत, ते यावरून कळतं.

धंदा का मेला? जपानी संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम पिकवलेले) मोती बाजारात आले, १९२९ची मंदी आली, आणि १९३२ मध्ये बहरीनच्या जबल दुखान डोंगरापाशी तेल लागलं. कामगार तिकडे गेला.

जाणार असाल तर राजधानी मनामात वेळ घालवू नका, पुलापलीकडे मुहर्रकला जा. तिथल्या मोत्यांच्या वारशाला युनेस्कोने २०१२ मध्ये मान्यता दिली: १७ इमारती, समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टे आणि बोटी सुटायच्या त्या जागेवरचा बू माहिरचा किल्ला. किल्ल्याकडून सुरुवात करून गल्लीबोळांतून सियादी घराण्याच्या वाड्यापर्यंत साडेतीन किलोमीटर चाला. वाटेत मोत्यासारखे गोल दिवे लागतात, तीच खूण. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. जमलं तर 'फिजिरी' ऐका, पाणबुड्यांचं गाणं. गायकाचा सूर वर, आणि खाली बाकीच्यांचा घशातून येणारा खोल घुमार, मातीच्या घड्यावर ठेका. २०२१ मध्ये याचीही युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

खरेदीचं: बहरीनमध्ये संवर्धित मोती विकायला कायद्याने बंदी आहे, तरी 'दानत' या तिथल्या प्रयोगशाळेचा दाखला मागाच. दातावर घासून फक्त काच-प्लास्टिक ओळखू येतं. नैसर्गिक की संवर्धित ते दातांना कळत नाही, त्याला एक्स-रे लागतो. आजीच्या नथीला तर दात लावूच नका. साबण, अत्तर, लिंबू यांनी मोत्याचं पाणी उतरतं. वापरून झाली की ओल्या मऊ कापडाने पुसा, सावलीत वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा.