डिझाइन पुरस्कारांत एवढे विभाग कशाला असतात? नवख्याने प्रवेशिका कुठल्या विभागात भरावी?

ज्या विभागाचे परीक्षक तुमच्या कामातली खरी मेहनत बघायला बसलेत, त्या विभागात. एवढं कळायला मला एक पडलेली प्रवेशिका लागली.

पुण्यातल्या एका स्टुडिओत असताना शेंगदाणा लाडूंच्या पाकिटाचं काम आलं. पाकीट साधंच, तिन्ही बाजूंनी सील केलेलं पाऊच. सगळा जीव होता नावात. ‘शेंगदाणा लाडू’मध्ये श आणि ल दोन्ही येतात आणि हिंदी वळणाचा फॉन्ट लावला की मराठी डोळ्याला नेमकं तिथेच खटकतं. म्हणून मी देठाचा श आणि पाकळीचा ल हाताने काढले. 2009च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं आहेत, ती काही माझी हौस नव्हती. लच्या दोन पाकळ्या फोडलेल्या शेंगेच्या टरफलांसारख्या केल्या, एक किंचित मोठी. त्या एका अक्षरापायी ट्रेसिंग पेपरचे अकरा ताव गेले. नमुना हातात घेतल्यावर गिऱ्हाइकाने आधी त्या पाकळीवरूनच बोट फिरवलं.

स्टुडिओच्या सरांनी ते पुरस्काराला पाठवलं, पॅकेजिंग विभागात. “पाकीट आहे ना? मग पॅकेजिंग.” मी म्हटलं, लेटरिंगमध्येही टाकू. “अक्षर म्हणजे सजावट रे. आणि एकाच कामाची दोनदा फी कोण भरणार?” आता पॅकेजिंगवाले काय बघणार? पाकीट उघडतं कसं, माल टिकतो का, प्लास्टिक किती वाचलं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पहिल्याच फेरीत बाहेर. त्यावर सर, “बघ, अक्षराला कोण विचारतं!” अहो, अक्षर विचारायला गेलं होतं कुठे?

एवढे विभाग असतात ते म्हणूनच. डी अँड एडी या ब्रिटिश पुरस्कारांत टायपोग्राफी वेगळी आणि टाइप डिझाइन-लेटरिंग वेगळं. तयार अक्षरं मांडणं एक, अक्षर घडवणं दुसरं. आयएफ या जर्मन पुरस्कारात वस्तू, पॅकेजिंग, वास्तुरचना, यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव), यूआय (स्क्रीनची रचना), सेवा वगैरे 9 शाखा आहेत. रेड डॉट या दुसऱ्या जर्मन पुरस्कारात तर वस्तू, ब्रँड-कम्युनिकेशन आणि संकल्पना या 3 स्वतंत्र स्पर्धाच आहेत. तुमचं काम अजून बाजारात आलं नसेल तर संकल्पनेकडे बघा. विद्यार्थी असाल तर डी अँड एडीचं न्यू ब्लड.

हां, विभाग आणि नियम बदलत राहतात, त्या वर्षीची नियमावली वाचूनच भरा. आणि रेड डॉट, आयएफमध्ये जिंकल्यावर पुन्हा वेगळे पैसे मोजावे लागतात, हे आधीच धरून चाला. खिशाला झेपत नसेल तर राहू द्या, पुरस्कारावाचून कामं अडत नाहीत. माझी तरी अडली नाहीत.

बाकी दुसऱ्या फीचं म्हणाल तर ती माझ्या पगारातून कापा, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. स्टुडिओतल्या चौघांसमोर.