वाचकांचे प्रश्न : स्ट्रोक्सटाउनचा वाडा आणि त्याची कुळं

प्रश्न : माझी लेक आयर्लंडमध्ये रॉसकॉमनला नर्स आहे. यंदा आम्ही दोघं तिच्याकडं राहून आलो. तिनं आम्हाला जवळच्या स्ट्रोक्सटाउनला नेलं. गाव एवढंसं, पण मधला रस्ता बघाल तर केवढा रुंद, आणि टोकाला दगडी कमान, आमच्या भवानी मंडपाच्या नगारखान्याची आठवण यावी अशी, आत गेलं की वाडा. एवढ्याशा गावाला असा रस्ता कशाला? आणि स्वयंपाकघरात वर गॅलरी होती ती का?
— एक काकू, राजारामपुरी

उत्तर : काकू, तो रस्ता वाड्यासाठी आहे. त्या गावात सगळं वाड्यापासून सुरू होतं. जमीन मुळात ओ'कॉनर रो या जुन्या आयरिश घराण्याकडं होती, सतराव्या शतकात इंग्रजांच्या लढायांनंतर ती माहोन घराण्याकडं गेली आणि पुढं जवळपास तीनशे वर्षं त्यांच्याकडंच राहिली. १८०० साली आयर्लंडची पार्लमेंट बंद करून लंडनला जोडायची ठरली तेव्हा माहोननी त्या बाजूनं मत दिलं आणि त्यांना बॅरन हार्टलँड हा किताब मिळाला. मग गाव नव्यानं आखलं, कमानीपासून थेट समोरच्या अष्टकोनी चर्चपर्यंत सरळ रस्ता, बाजार तिथंच भरायचा, आणि बाजाराला आलेल्या प्रत्येक माणसाला मान वर केली की कमान दिसायची.

गॅलरीचं सांगतात ते असं की बाईसाहेब दर सोमवारी वरून आठवड्याच्या जेवणाचा कागद खाली टाकायच्या, म्हणजे स्वयंपाकघरात उतरायला नको. तुम्ही भुयार बघितलं का? नोकरांची येजा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून केलेलं. ते बघितलं नसेल तर पुढच्या खेपेला नक्की बघा, मला विचाराल तर दिवाणखान्यापेक्षा भुयारच जास्त सांगून जातं.

प्रश्न : वरच्या काकूंसोबत मीही गेलो होतो, त्यांच्या लेकीचा मामा. तिथल्या म्युझियममध्ये लिहिलंय की १८४७ च्या दुष्काळात जमीनदारानं १४९० कुळांना स्वतःच्या खर्चानं कॅनडाला पाठवलं. आणि त्याच वर्षी त्याचा खून झाला. भाडं भरून पाठवणाऱ्या माणसाला का मारलं? मला तर तो बरा वाटला.
— निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

उत्तर : सर, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्याला जरा जागा देतो.

आधी त्या इस्टेटीची अवस्था बघा. तिसरा बॅरन हार्टलँड बरीच वर्षं मनोरुग्ण होता, कारभार कोर्टाच्या देखरेखीखाली, खंड थकत गेला, आणि एकेका तुकड्याचे पोटतुकडे पडत गेले. १८४५ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला आणि मेजर डेनिस माहोनच्या हातात इस्टेट आली, डोक्यावर कर्ज आणि त्याच शरदात बटाट्यावर करपा. लोक बटाट्यावरच जगत होते, धान्य पिकलं तरी ते खंड भागवायला विकावं लागायचं. १८४६ च्या ऑगस्टमध्ये क्लूनाही नावाच्या वाडीतल्या कुळांनी मेजरला अर्ज लिहिला, तो आज म्युझियममध्ये आहे. त्यात ते म्हणतात की आमची पोरंबाळं आमच्या डोळ्यादेखत उपाशी आहेत, त्यांचं रडणं आता आम्हाला ऐकवत नाही, बटाटे कुजलेत, धान्य नाही, काहीतरी काम द्या. काम मागतात सर, भीक नाही. मला तो कागद वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

आता कायदा बघा, कारण खरी मेख तिथं आहे. गरिबांना पोसायची वर्कहाउसं स्थानिक कराच्या पैशावर चालायची, आणि १८४३ पासून ज्या जमिनीचं मूल्यांकन चार पौंडापेक्षा कमी तिचा कर मालकानं भरायचा. म्हणजे जितकी बारकी कुळं जास्त तितका मालकाला भुर्दंड. त्यात १८४७ मध्ये दुष्काळी मदतीचा सगळा बोजाच या करावर टाकला, आणि अट घातली की पाव एकराहून जास्त जमीन ज्याच्याकडं आहे त्याला मदत नाही, आधी जमीन सोडा मग खायला मिळेल. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे! दहा गुंठ्याच्या वर एक गुंठा असला तरी घर सोडून वर्कहाउसच्या दारात उभं राहायचं.

मेजरचा कारभारी होता जॉन रॉस माहोन. त्यानं हिशोब मांडून दाखवला की ही माणसं वर्षभर वर्कहाउसात पोसायला जेवढा खर्च येतो त्याच्या जवळपास निम्म्यात ती कॅनडाला पोचतात, आणि एकदा गेली की परत खर्च नाही, जमीन मोकळी. म्हणजे तुम्ही म्हणता ते भाडं भरलं हे खरंच आहे, पण ते या हिशोबातून भरलं. १८४७ च्या मे महिन्यात १४९० माणसं रॉयल कॅनॉलच्या काठानं डब्लिनपर्यंत १६५ किलोमीटर चालत गेली, बायका, म्हातारी, कडेवरची पोरं सगळी, आणि इस्टेटीचा माणूस सोबत, मधूनच कुणी परत फिरू नये म्हणून. डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून चार जहाजं. त्यातल्या व्हर्जिनियस जहाजावर ४७६ माणसं चढली आणि १५८ वाटेतच गेली, कप्तानसुद्धा. बाकीच्यांतली कितीतरी क्विबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर क्वारंटाइनमध्ये तापानं गेली. १४९० पैकी जवळपास निम्मेच जगले असं धरतात.

ह्या बातम्या गावात यायला लागल्या, आणि इकडं जे राहिले त्यांना घरातून काढणं चालूच होतं. २ नोव्हेंबर १८४७ ला मेजर रॉसकॉमनहून वर्कहाउसच्या मीटिंगवरून बग्गीतून परत येताना त्याला गोळी घातली. त्या रात्री आसपासच्या टेकड्यांवर जाळ पेटले असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. पुढच्या वर्षी दोघांना फाशी झाली. लंडनमध्ये गदारोळ, गावचा पाद्री मॅकडरमॉटनं प्रवचनातून चिथावलं असा आरोप झाला, त्यानं तो साफ नाकारला, आणि मग एल्फिनच्या बिशपनं नावानिशी यादीच छापली की इस्टेटीवरून एकूण ३,००६ माणसं काढली गेली.

मेजर राक्षस होता असं मी म्हणणार नाही. खून हा खूनच. पण तो बरा होता हे पण मला पटत नाही सर, कारण त्याला दुसरं काही करता येत होतं का हा प्रश्न विचारायचा तर समोर उदाहरण आपल्याच गावात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराज नुकतेच गादीवर स्थिरावत होते, त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, कामं काढली, जनावरांना चारा पुरवला. राजा आणि खाजगी जमीनदार एक नव्हेत हे मान्य, तिजोरी वेगळी, अधिकार वेगळे. तरी पण क्लूनाहीच्या लोकांनी मागितलं होतं ते कामच ना.

प्रश्न : आमचे पणजोबा विशाळगड जहागिरीत कूळ होते, कूळकायद्यात जमीन नावावर झाली. आयर्लंडमध्ये असं काही झालं का?
— शाहूवाडी तालुक्यातला वाचक

उत्तर : झालं, आणि आपल्या आधी. १८७९ मध्ये मायो जिल्ह्यात मायकेल डेव्हिटनं लँड लीग काढली, ज्याच्या स्वतःच्या घरच्यांना तो पोरवयाचा असताना जमिनीवरून काढलं होतं. पुढच्या वर्षी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याशी लोकांनी बोलणंचालणं, काम, दुकान सगळं बंद केलं, तो शब्द आपण आजही वापरतो. १८८१ ला खंड ठरवायला कोर्ट आलं. १९०३ च्या विंडहॅम कायद्यानं सरकारनं पैसे उभे करून मालकाला एकदम दिले, वर १२ टक्के बोनस, आणि कुळानं ते साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यानं सरकारला फेडायचे, हप्ता बहुतेक ठिकाणी जुन्या खंडापेक्षा कमी. पण विकायचं का नाही ते मालकाच्या मर्जीवर होतं, सक्ती नंतर आली. आपल्याकडं १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा कायद्यानंच मालक झाला, किंमत न्यायाधिकरणानं ठरवली. तुमच्या पणजोबांच्या हप्त्याच्या पावत्या घरात असतील बघा.

प्रश्न : एवढे जुने कागद तिकडं टिकले कसे? आमच्या घरचे तर वाळवीनं खाल्ले.
— कागलच्या एक ताई

उत्तर : योगायोगानं टिकले ताई. १९७९ मध्ये गावातल्याच एका गॅरेजवाल्या कंपनीनं गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून इस्टेट विकत घेतली, आणि वाड्याच्या ऑफिसात हे गठ्ठे सापडले, पन्नास हजारांवर कागद. खंडाच्या वह्या, अर्ज, पत्रं. ते वाचल्यावर त्यांनी वाडा पाडला नाही, म्युझियम केलं, १९९४ ला राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी उद्घाटन केलं. आता १४९० जणांच्या वाटेवर चालायचा मार्ग पण आहे, जागोजागी ब्राँझचे लहान मुलांचे बूट बसवलेत, पडक्या घराच्या छपरात सापडलेल्या खऱ्या जोडीवरून केलेले.

तुमच्या घरचे गेले असतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून जुने फेरफार आणि पाहणीपत्रकं मागा, सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव दिलं की काम सोपं जातं. संस्थानकाळातलं मोडीत असतं, मोडी वाचणारी माणसं कोल्हापुरात अजून आहेत. आणि घरात जे उरलंय त्याचे आधी फोटो काढा, मग कागद उन्हात न ठेवता सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, ओल धरते.