वाचकांचे प्रश्न : ईसीएम (इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक) खराब झाला आहे, हे ठरवायचे कसे?

प्रश्न : आमच्याकडे २०१७ सालची पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक गाडी आहे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा ती सोसायटीच्या तळघरात सीटपर्यंत पाण्यात होती. गालिचे काढून, वाळवून, सर्व तेले बदलून गाडी परत मिळाली आणि पुढे बरेच महिने तिने काहीही त्रास दिला नाही. अलीकडे मात्र ती गरम झाली की चालता चालता बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि अर्ध्या तासाने काही घडलेच नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१०७ आणि पी०१२२ हे दोन कोड निघाले. ‘ईसीएम गेला आहे, ३८,००० रुपये लागतील,’ असे सांगण्यात आले. एवढा खर्च करावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आत्ताच करू नये. ईसीएम खराब असू शकतो, विशेषतः पुरातून निघालेल्या गाडीत, पण आपण कळवलेल्या दोन कोडांवरून ते सिद्ध होत नाही. उलट हे दोन कोड एकत्र येणे हीच तपासाची पहिली खूण आहे.

पी०१०७ हा इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड असून पी०१२२ थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किती उघडला आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचा आहे, आणि दोन्ही कोडांचा अर्थ ‘सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी आहे’ असाच होतो. दोन वेगवेगळे सेन्सर एकाच दिवशी, एकाच क्षणी निकामी होणे अवघड असते. मात्र पुष्कळ गाड्यांत ईसीएम या दोघांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच तारेतून करतो, आणि त्या तारेवरचा कोणताही एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा तारेचे आवरण घासून ती बॉडीला टेकली की तो पुरवठाच खाली बसतो व तारेवरचे सगळे सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात. स्कॅनरला यातले काही दिसत नाही. त्याला फक्त ईसीएमची तक्रार वाचता येते, आणि तक्रार करणाऱ्यालाच दोषी ठरवण्याची सवय आपल्याकडच्या गॅरेजमध्ये बरीच रुजली आहे.

म्हणून गाडी गरम होऊन दोष प्रत्यक्ष प्रकट झालेला असताना, इग्निशन चालू ठेवून, दाबाच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, काढावा आणि त्याच्या पुरवठ्याच्या पिनवर मल्टिमीटर धरावा. मीटरने ५ व्होल्टच्या आसपास दाखवले तर पुरवठा ठीक आहे, किंवा नुकताच सोडवलेला हा सेन्सरच तो खाली ओढत होता. अर्धा-एक व्होल्टच दिसला, तर त्याच तारेवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवत जावेत आणि मीटरवरची नजर काढू नये, कारण ज्या सेन्सरचा कपलर सुटताच आकडा झटकन ५ वर जातो, तोच दोषी असतो. या फेरीत एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर विसरू नये. तो रेडिएटरच्या बाजूला पुढे बसवलेला असतो, काही गाड्यांत त्यालाही याच तारेवरून वीज मिळते, आणि इंजिन बंद पडण्याचे खापर एसीच्या भागावर फुटू शकते हे कोणाच्याही मनात येत नाही. बडोद्याच्याच अकोटा भागातील एका परिचितांच्या गाडीत नेमके हेच निघाले होते, आणि तेसुद्धा दोन सेन्सर आणि एक थ्रॉटल बॉडी विनाकारण बदलून झाल्यानंतर.

सगळे सेन्सर सोडवूनही ५ व्होल्ट परत येत नसतील, तर बॅटरी काढून ईसीएमचा कपलर सोडवावा आणि ती ५ व्होल्टची तार व बॉडी यांच्यामध्ये ओहम मोजावेत. मीटरने जोडणी दाखवली तर दोष हार्नेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात आहे. तार पूर्ण मोकळी निघाली, तर मात्र संशय ईसीएमवर रास्त ठरतो.

गरम झाल्यावरच दोष येतो, या आपल्या निरीक्षणाबद्दल थोडे. थंड गाडीवर केलेल्या तपासणीला इथे काही अर्थ नाही. स्कॅनरवर ‘फ्रीज फ्रेम’ उघडून पाहण्यास सांगावे. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनचे तापमान, वेग व भार तिथे साठवलेले असतात. गरम झाल्यावर दगा देण्यासाठी इंजिनचे फिरणे मोजणारा क्रँक सेन्सरही प्रसिद्ध आहे, म्हणून गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनचे आरपीएम शून्यच राहतात का, हे पाहावे. तसे असेल तर आधी तो सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. उलट, थंड इंजिनवर फक्त ईसीएमच्या डब्याला केस वाळवण्याच्या यंत्राने बेताची ऊब दिली आणि तेवढ्यानेच दोष उमटला, तर आतील सोल्डरचा एखादा सांधा उकलला असण्याची शक्यता बळावते.

आता पुराकडे वळू, कारण माझ्या मते आपल्या गाडीचे खरे दुखणे तिथेच आहे. पुराचे पाणी गालिच्यातून निघून जाते, पण तारांच्या आवरणात शिरलेले पाणी सहजासहजी निघत नाही. दिव्याची वात तेल ओढते तसे तांब्याचे बारीक तंतू पाणी ओढतात आणि ते पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या कपलरपर्यंतही पोहोचू शकते. काही महिन्यांनी पिनांवर हिरवट, भुकटीसारखा थर दिसू लागतो. आवरण थोडे सोलले तर चकाकणाऱ्या तांब्याऐवजी काळपट तार निघते. अशा तारेचा एकच तंतू शाबूत असला तरी मल्टिमीटर बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो, आणि भार पडताच पुरवठा कोसळतो. म्हणून ईसीएमच्या पुरवठ्याच्या पिनांवर २१ वॉटचा बल्ब लावून तो पूर्ण तेजाने पेटतो का, हे पाहावे. अर्थिंगसाठी मीटरची एक वायर ईसीएमच्या अर्थच्या पिनवर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवणे हा पहिला उपाय. ईसीएमला वीज जोडणारा मुख्य रिले आणि त्याचे सॉकेटही याच वेळी बघून घ्यावे.

या सगळ्याला जाणकार इलेक्ट्रिशियनचा फार तर अर्धा दिवस लागतो. गॅरेजला ‘५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासले का, किती आले?’ एवढेच विचारून पाहावे. आकडे सांगता आले नाहीत, तर तपासणी झालेली नाही.

तरीही ईसीएमच गेला असे निघाले, तर तो कशामुळे गेला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू देऊ नये. इग्निशन कॉइल शॉर्ट होऊन ईसीएममधला तिला चालवणारा ट्रान्झिस्टर जळलेला असेल आणि कॉइल तशीच राहिली, तर नवा ईसीएमही त्याच वाटेने जाईल. बसवताना इग्निशन बंद केल्यानंतर मुख्य रिले सुटेपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि मगच बॅटरीचे ऋण टोक काढावे. डब्यावरच्या लेबलावरील पार्ट नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. एकाच वर्षीच्या, एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे ईसीएम सारखे दिसूनही वेगळे असतात. नव्या ईसीएममध्ये सॉफ्टवेअर आणि आपल्या गाडीचा चासी क्रमांक भरावा लागतो, चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरशी जोडणी करावी लागते आणि थ्रॉटलची मूळ स्थिती त्याला नव्याने शिकवावी लागते. घरी असलेली दुसरी चावीही त्या दिवशी सोबत न्यावी. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर चार्जर लावलेला असणे आवश्यक आहे, कारण मध्येच व्होल्टेज घसरला तर कोरा करकरीत ईसीएमही कायमचा मुका होऊ शकतो. जुना डबा मात्र गाडी आठ-दहा दिवस नीट चालेपर्यंत परत मागून स्वतःजवळ ठेवावा. त्यातील माहिती वाचण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न : मुलाच्या डिझेल गाडीला भंगार बाजारातून आणलेला, त्याच नंबरचा ईसीएम बसवला. गाडी सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. मेकॅनिक आता डिझेल पंप उघडायचा म्हणतो.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : पंप उघडू देऊ नका. सुरू होऊन लगेच बंद पडणे हे बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरने ओळख नाकारल्याचे लक्षण असते; डॅशबोर्डवरचा चावीच्या चित्राचा दिवा त्या वेळी लुकलुकतो का, ते बघा. चावीतील चिपचा सांकेतिक क्रमांक जुन्या ईसीएमला माहीत होता, या परक्याला तो माहीत नाही. जुना ईसीएम हाताशी असेल आणि त्याची मेमरी वाचता येत असेल, तर ती माहिती या दुसऱ्यावर उतरवून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ते शक्य नसल्यास अधिकृत सेवाकेंद्रातून जोडणी होते का, हे आधी विचारावे, कारण काही कंपन्यांचे वापरलेले ईसीएम दुसऱ्या गाडीशी जुळवून घेत नाहीत.

डिझेल गाडी असल्याने आणखी एक काम उरते. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सर्व सिलिंडरांना डिझेल देणाऱ्या) इंजिनातल्या पुष्कळ इंजेक्टरांवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांवर, त्या त्या इंजेक्टरचा स्वतंत्र कोड कोरलेला असतो आणि तो सिलिंडरच्या क्रमाने ईसीएममध्ये भरावा लागतो. दुसऱ्या गाडीचे कोड तसेच राहिले तर इंजिन सुरू होईल, पण खडखडेल आणि धूर सोडेल, आणि मग पुन्हा पंपावरच संशय जाईल.

आणि या वापरलेल्या ईसीएमचे बिल घेतले नसल्यास आजच घ्या. स्कॅनरने ईसीएममधला चासी क्रमांक वाचता येतो. तो कोणत्या गाडीचा आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो डबा परत करणेच बरे.