वाचक विचारतात: गोड कोणतं, कर्कश कोणतं?

प्रश्न: घरी दोन व्हायोलिन आहेत. एक वडिलांचं, एक मी नंतर घेतलेलं. मुलगी कॉम्प्युटर शिकते. ती म्हणते, दोन्हींचं रेकॉर्डिंग दिलं की मशीनच सांगेल, कोणतं गोड अन् कोणतं कर्कश. मला काही पटत नाही. – एक वाचक, उदगीर

उत्तर: पोरीचं म्हणणं खोटं नाही, अर्धं आहे. मशीनला गोडवा कळत नाही, त्याच्यापुढं नुसते आकडे असतात: कोणत्या हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांना, आवाजात किती जोर आहे. व्हायोलिनच्या पोटातली हवा २७०-२८० हर्ट्झच्या आसपास घुमते. तिथं दम असला की आपण बहुतेक वेळा ‘भरीव’ म्हणतो. दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात घोडी (तारांखाली उभी असते ती लाकडी पट्टी) जोर देते. त्यानं आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो, अन् अती झाला की टोचतो. असे आकडे आणि ऐकणाऱ्यांनी दिलेले शब्द, अशा शेकडो जोड्या दाखवल्या की मशीन नव्या वाद्यालाही शब्द लावतं. म्हणजे कान शेवटी माणसाचेच.

अन् कानांचंही काय सांगावं! २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांना काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली. दहापैकी सहा जणांनी पहिली पसंती नव्याला दिली, आणि जुनं-नवं ओळखणं त्यांना अंदाजापलीकडं जमलं नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मी वर पत्र्याच्या खोलीत वाजवायचो आणि वाद्याला शिव्या घालायचो. दिवाळीत तेच बहिणीच्या माळवदाच्या घरात वाजवलं, तर मऊ! मातीच्या धाब्यानं तीक्ष्णपणा पिऊन टाकला होता. मशीनची अशीच फसगत होते. गोड म्हटलेली सगळी रेकॉर्डिंगं माळवदातली अन् कर्कश सगळी पत्र्याखालची असली, तर ते व्हायोलिन नाही, छप्पर ओळखायला शिकतं.

तेव्हा मुलीला सांगा: खोली एक, गज (तारांवर फिरवायचा बो) एक, वाजवणारा एक, षड्ज एकाच पट्टीत, मोबाइल तेवढ्याच अंतरावर. पंखा बंद. (उन्हाळ्यात हे जड जाईल, पहाटे करा.) शेजारच्या चौघांना वाद्य न दाखवता ऐकवा. घोगरा, नाकातला, दबका, खुला, जे तोंडात येईल ते लिहून घ्या. दोन वाद्यांवर मशीन काही शिकणार नाही, गावातली आणखी गोळा करावी लागतील.

आणि वडिलांच्या व्हायोलिनच्या तारा कधी बदलल्या होत्या? जुन्या असतील तर आवाज बसलेलाच येणार. आधी त्या बदला.