इंग्लंडच्या डोंगररानातली पायवाट

प्रश्न : एप्रिलअखेर आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला जात आहोत. ती आम्हाला लंडनच्या वायव्येकडील वेंडोव्हर गावाजवळच्या डोंगराळ जंगलात पायी फिरायला नेणार आहे. नकाशावर ती वाट खासगी शेतांतून आणि मोठ्या मालमत्तांतून जाताना दिसते. कुणी हटकले तर काय करावे? शिवाय आमचे चालणे सिद्धेश्वर तलावाकाठचे, सपाटीवरचे, आणि सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. हा चढ झेपेल का, आणि तिथे आवर्जून काय पाहावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हटकले जाण्याची धास्ती आधी मनातून काढून टाकावी. आपल्याकडे बांधावरून जाण्यायेण्यावरून भावकीत वर्षानुवर्षे तंटे चालतात, आणि महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे रस्ता मागायचा तोही स्वतःच्या शेतात पोहोचण्यापुरता. त्यामुळे परक्याच्या रानातून निव्वळ फिरायला जाणे आपल्याला अवघड वाटते. इंग्लंडमध्ये मात्र सार्वजनिक पायवाट म्हणून नोंदलेल्या वाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. अशा वाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याची जबाबदारी १९४९ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक प्रशासनांवर टाकली. एखाद्या वाटेवरून लोक २० वर्षे विनाअडथळा, हक्काने ये-जा करीत असतील, तर ती सार्वजनिक झाली असे सामान्यतः धरले जाते. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली गेली, तर ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे शेतकऱ्यावर बंधनकारक असते.

याचे उत्तम उदाहरण तुमच्याच वाटेवर आहे. वेंडोव्हरहून जाणारी ‘रिजवे’ ही सुमारे १३९ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट पुढे चेकर्सच्या आवारातून जाते आणि त्या वाड्याकडे जाणारा गाडीरस्ता चक्क ओलांडते. चेकर्स हे १९२१ पासून ब्रिटनच्या पंतप्रधानांचे ग्रामीण निवासस्थान आहे. देशाच्या पंतप्रधानाच्या दारावरून सामान्य माणसाने पाठीवर पिशवी टाकून निर्धास्त जावे, ही मला त्या देशाची फार मोलाची गोष्ट वाटते. हा हक्क वाटेपुरताच असतो, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. चेकर्सच्या आवारात वाट सोडून आत शिरणे हा फौजदारी गुन्हा आहे. इतरत्रही खुणेचे बाण पाहून चालावे : पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, तर निळ्या बाणाच्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येतात. राष्ट्रीय पायवाटेवर ओक वृक्षाच्या फळाची खूण असते. वाटेतले फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवून पुढे जावे.

आता चढाविषयी. तुम्ही ज्या चिल्टर्न टेकड्यांत जाणार आहात, त्यांचा सर्वोच्च माथा अवघा २६७ मीटर उंचीचा आहे. आपले सोलापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच वसले आहे. वेंडोव्हरहून त्यांतल्या कूम हिल या टेकडीच्या माथ्यापर्यंत शंभर-सव्वाशे मीटरच चढावे लागते, पण सुरुवातीचा टप्पा चांगलाच उभा आहे. त्रास चढण्यापेक्षा उतरताना होईल. या टेकड्या खडूच्या पांढऱ्या दगडाच्या असून पावसानंतर तो दगड साबणासारखा निसरडा होतो, आणि वरच्या सपाटीवरच्या चिकणमातीत गारगोट्यांचे धारदार तुकडे असतात. म्हणून खोल खाचांच्या तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट आणि दोन काठ्या न्याव्यात. इथले सकाळच्या फेरीचे बूट तिथे कामाचे नाहीत.

पाहण्यासारखे म्हणाल, तर तुमची वेळ उत्तम साधली आहे. हे रान प्रामुख्याने बीच वृक्षांचे. पूर्ण पालवल्यावर हे झाड जमिनीवर इतकी दाट सावली धरते, की खाली फारसे काही उगवत नाही. त्यामुळे ब्लूबेलसारखी कंदवर्गीय फुले पालवी दाट होण्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत, मिळेल तेवढ्या उन्हात उमलून घेतात. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत काही ठिकाणी सारी जमीन निळी-जांभळी दिसते. मुद्दाम खाली वाकून एक दांडा न्याहाळावा : घंटेसारखी फुले एकाच अंगाला लोंबतात, त्यांच्या भाराने शेंडा झुकतो, आणि पाकळ्यांची टोके बाहेर वळलेली असतात. फोटोसाठी त्यांच्यात पाय घालू नये. पाने तुडवली गेली, की कंदाला पोषण मिळत नाही आणि झाड सावरायला वर्षे लागतात. हे कंद उपटणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे.

वर आकाशात दुभंगलेल्या तांबूस शेपटीची घार दिसेल. इंग्लंडमधून ती नामशेष झाली होती. १९८९ पासून काही वर्षे मुख्यतः स्पेनमधून पिल्ले आणून चिल्टर्नमध्ये सोडली गेली आणि आज ती तिथे सर्रास दिसते.

हिंस्र जनावराचे भय नाही, पण गवतातल्या गोचिडीपासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत नीट पाहावे.

सौभाग्यवतींना चढ नकोच असेल, तर मुलीला गाडी कूम हिलच्या वाहनतळावर न्यायला सांगावे. तिथून माथ्यावरच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या स्मारकापर्यंतची वाट बरीचशी सपाट आहे. तुम्ही गावातून चढून या आणि त्यांना तिथेच भेटा. उतरताना दोघेही गाडीने या.